मॉर्वेनचे नाव का गाळायचे?

गेल्या वर्षी इथल्या एका मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी स्कॉटलंडमधल्या एका डोंगरावरच्या भटकंतीचा लेख पाठवला. संपादक स्वतः सह्याद्रीत वाढलेले, पायाने पक्के. त्यांनी लेख स्वीकारला, शुद्धलेखन सुधारले आणि एकच बदल सुचवला: डोंगराचे नाव काढून टाकावे. ‘डी नदीच्या खोऱ्यातला एक निवांत डोंगर’ एवढे म्हटले तरी वाचकाचे काही अडत नाही. नाव छापले, तर पुढच्या ऑगस्टात पायथ्याशी वडापावची गाडी लागेल, अशी टीप त्यांनी समासात केली होती. टीप विनोदाने लिहिलेली असली तरी तिच्यामागचा आग्रह गंभीर आहे, आणि तो त्यांच्या एकट्याचा नाही. हायलंड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागात, नेमाने चालणाऱ्यांत हा वाद बरीच वर्षे धुमसतो आहे. एक पक्ष म्हणतो की ज्या थोड्या जागा अजून शांत आहेत त्यांची नावे जाहीर लिहिणे म्हणजे त्यांचा घात करणे. दुसरा पक्ष म्हणतो की डोंगर सर्वांचा आहे, आणि एवढे बोलून गप्प बसतो. पहिला पक्ष शांततेला निसर्गदत्त ठेव मानतो आणि ती कशी निर्माण झाली हे विचारत नाही. दुसरा पक्ष हक्क सांगतो, पण त्या हक्काचा भार कोणावर पडतो याचा हिशेब देत नाही. माझे मत पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो: नाव सांगितले पाहिजे. गर्दीने नुकसान होत नाही असे मला म्हणायचे नाही. नाव लपवल्याने ते नुकसान टळत नाही, आणि लपवण्याची सवय मात्र या डोंगरांच्या इतिहासात नेहमी चुकीच्या माणसांच्या कामी आली आहे.

डोंगराचे नाव मॉर्वेन. बॅलटर गावाच्या उत्तरेला, उंची ८७२ मीटर. कॅथनेसमध्ये याच नावाचा आणखी एक, याहून ठेंगणा पण टोकदार डोंगर आहे. तो हा नव्हे. हा रुंद पाठीचा, दुरून पाहिला तर आळसावल्यासारखा दिसणारा डोंगर आहे, आणि गेलिकमधल्या त्याच्या नावाचा अर्थही सरळ ‘मोठा डोंगर’ एवढाच. ऑगस्टच्या उत्तरार्धात त्याच्या उतारांवर हेदर फुललेले असते. हेदर म्हणजे गुडघ्याला लागणारे, काटक, काष्ठमय खोडाचे झुडूप. त्याचे फूल तांदळाच्या दाण्याएवढे आणि रंगाने जांभळट गुलाबी. ते एकटे पाहिले तर डोळ्यांत भरत नाही, पण कोट्यवधींनी फुलले की अख्खा डोंगर रंगतो आणि वाऱ्याला मधाचा वास येतो. या दिवसांत मधमाश्या पाळणारे आपल्या पेट्या मुद्दाम अशा माळांच्या कडेला आणून ठेवतात. पायथ्याशी एका ओसाड घराच्या भिंती लागतात, त्यानंतर चढ एकदम अंगावर येतो, आणि पायवाट हेदरमधून इतकी अरुंद जाते की दोन्ही पोटऱ्या ओरबाडल्या जातात. मध्येच पायाजवळून लाल ग्राउस फडफडत उठतो आणि जमिनीलगत उडत ओरडतो. त्याचे ओरडणे इंग्रजी कानांना ‘गो बॅक, गो बॅक’ असे ऐकू येते, म्हणजे हा पक्षीसुद्धा आमच्या संपादकांच्याच बाजूचा म्हणायचा. माथ्यावर दगडांचा ढीग, दक्षिणेला लॉखनगारची काळी भिंत, पश्चिमेला केर्नगॉर्मची पठारे. त्या शनिवारी चढउताराच्या पाच तासांत मला दोन माणसे आणि एक कुत्रा भेटला.

आता या शांततेचे कारण पाहा. हा डोंगर कोणापासून लपून राहिला होता का? लॉर्ड बायरनने त्याचे नाव कवितेत घातले. राणी व्हिक्टोरिया १८५९ च्या सप्टेंबरात बाल्मोरलच्या आपल्या वाड्याहून येऊन त्याच्यावर चढली, आणि त्या चढाईचे वर्णन असलेली तिची रोजनिशी १८६८ मध्ये छापून निघाली तेव्हा ती हातोहात खपली. सर्वेक्षण खात्याच्या प्रत्येक नकाशावर त्याचे नाव ठळक अक्षरांत आहे. ब्रिटनमधल्या सर्वांत प्रसिद्ध राणीने ज्याची जाहिरात केली तो डोंगर दीडशे वर्षांनंतरही शांत आहे. मग एका दिवाळी अंकाने तो गजबजेल कसा? शेजारच्या लॉखनगारवर मात्र उन्हाळ्यातल्या कोणत्याही चांगल्या दिवशी माणसांची रांग दिसते. दोघांतला फरक गुप्ततेचा नसून यादीचा आहे. १८९१ मध्ये सर ह्यू मन्रो यांनी तीन हजार फुटांहून उंच असलेल्या स्कॉटिश शिखरांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत आज २८२ डोंगर आहेत आणि ते सगळे ‘पूर्ण’ करणे हा हजारो लोकांचा आयुष्यभराचा नेम झाला आहे. लॉखनगार ११५५ मीटरचा, म्हणून यादीत. मॉर्वेन तीन हजार फुटांना बेचाळीस मीटर कमी पडतो, म्हणून तो कॉर्बेट या दुसऱ्या, कमी मानाच्या यादीत गेला. त्याला राखले ते या बेचाळीस मीटरांनी. गर्दी नावामागे जात नाही. ती आकड्यामागे, रस्त्यामागे आणि गाडी लावायच्या जागेमागे जाते. उत्तर किनाऱ्याच्या पाचशे मैलांच्या मोटाररस्त्याला २०१५ पासून एक नाव आणि एक नकाशा देऊन विकण्यात आले, त्याचे परिणाम तिथल्या अरुंद रस्त्यांवर राहणारे लोक भोगत आहेत; पण त्या रस्त्यापासून दोन तास चालत गेले की जे डोंगर लागतात, त्यांच्यावर आजही शुकशुकाट असतो.

तरीही विरोधी बाजूचे बळ मान्य केलेच पाहिजे, कारण तिचे सर्वांत चांगले मुद्दे सहसा तिचे समर्थकच नीट मांडत नाहीत. पहिला मुद्दा मातीचा. हेदरखाली बहुतेक ठिकाणी पीट असते, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा, पाणी धरून ठेवणारा थर, आणि तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. बुटांनी चिखल झाला की पुढचा माणूस तो टाळायला कडेने जातो, त्याच्या पुढचा आणखी कडेने, आणि काही वर्षांत एका वाटेची गाडीरस्त्याएवढी रुंद काळी जखम होते. ती भरून यायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. दुसरा मुद्दा पक्ष्यांचा. कर्ल्यू, सोनेरी चिखल्या आणि ग्राउस जमिनीवर घरटी करतात. एप्रिलपासून जुलैपर्यंत एक मोकाट कुत्रा अर्ध्या तासात एका अख्ख्या उताराचा हंगाम वाया घालवू शकतो. तिसरा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो. शांतता ही अशी वस्तू आहे की ती वाटली की उरत नाही. पाण्याची टाकी दहा जणांत वाटली तर प्रत्येकाला एक दशांश पाणी मिळते, पण शांतता दहा जणांत वाटली तर कोणालाच मिळत नाही. ज्याने आठवडाभर खाणीत, रुग्णालयात किंवा समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करून शनिवारी दोन तास कोणाचाही आवाज न ऐकण्याची इच्छा धरली, त्याला आपण स्वार्थी म्हणणार आहोत का? मी म्हणणार नाही, कारण मीही त्याच इच्छेने तिथे गेलो होतो.

पण ही शांतता आली कुठून, हा प्रश्न विचारल्याशिवाय तिच्या रक्षणाची भाषा करता येत नाही. सह्याद्रीतून आलेल्या माणसाला हेदरचा माळ पाहून पहिल्यांदा कास आठवते, आणि मलाही आठवले होते. ही आठवण फसवी आहे. कासच्या सड्यावर जांभ्याच्या कातळावर माती वीतभरही नसते, म्हणून तिथे झाडे उभी राहत नाहीत आणि फुलांना मोकळीक मिळते. ती सारी भूगर्भाची करणी. हेदरचा माळ मात्र मोठ्या प्रमाणावर माणसाने राखलेला आहे. पीटमध्ये पाइनचे जुने बुंधे सापडतात. हवामान ओले होत गेले आणि कुऱ्हाड, आग, गुरे यांनी उरलेले काम केले, तेव्हा हजारो वर्षांत जंगल मागे हटले. आज ते परत येत नाही, कारण हरणे कोवळी रोपे खातात आणि ग्राउसच्या शिकारीसाठी माळ ठरावीक वर्षांनी पट्ट्यापट्ट्यांनी जाळला जातो. जळलेल्या पट्ट्यावर फुटणारा कोवळा हेदर ग्राउसचे खाद्य, शेजारचा जुना उंच हेदर त्याचा आडोसा. म्हणूनच दुरून असे डोंगर गोधडीसारखे ठिगळाठिगळांचे दिसतात. याचा पुरावा मॉर्वेनच्या पायथ्याशीच आहे: म्युअर ऑफ डिनेट या राखीव क्षेत्रात जाळणे आणि चारणे थांबले, तेव्हा बर्चच्या झाडांनी माळ व्यापायला घेतला. आता ज्याला आपण ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून लपवू पाहतो तो जर आगीचे वेळापत्रक आणि शिकारीचे अर्थकारण यांनी घडवलेला असेल, तर लपवतो आहोत ते नेमके काय? १२ ऑगस्टला, म्हणजे हेदर ऐन बहरात असताना, ग्राउसच्या शिकारीचा हंगाम उघडतो, हा योगायोग नाही असे म्हणण्याइतका मी टोकाचा नाही. पण त्या जांभळ्या रंगाकडे पाहताना बंदुकीची आठवण ठेवावी, एवढे माझे म्हणणे आहे.

माणसे नसण्यालाही इतिहास आहे. हायलंड्सच्या उत्तरेस आणि पश्चिमेस एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुळांना हुसकावून मेंढ्या आणल्या गेल्या. स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातली घरे १८१४ आणि १८१९ मध्ये रिकामी करून जाळली गेली. पुढे मेंढ्यांचा धंदा मंदावला तेव्हा तीच जमीन हरणांच्या शिकारीसाठी भाड्याने जाऊ लागली, आणि शिकारीला सर्वांत आधी लागते ती शांतता. ‘इथे वर्दळ नको, जनावरे बिथरतात’ हे वाक्य तेव्हाच्या मालकांचे आवडते वाक्य होते. १८४७ मध्ये एडिंबरा विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हटन बाल्फर विद्यार्थ्यांना घेऊन ब्रेमारकडून ग्लेन टिल्ट या दरीतून उतरत होते, तेव्हा त्यांना खुद्द ड्यूक ऑफ ॲथॉल आणि त्याच्या माणसांनी अडवले. मुळे आणि पाने गोळा करणारी पोरे हरणांना धोका ठरली! १८८० च्या दशकात किंटेलमध्ये एका अमेरिकन शिकाऱ्याने भाड्याने घेतलेल्या रानात एका गरीब माणसाचे पाळीव कोकरू शिरले म्हणून तो शिकारी कोर्टात गेला, आणि हरला. ही माणसे क्रूर होती असे मला म्हणायचे नाही. त्यांतली कित्येक आपल्या डोंगरांवर मनापासून प्रेम करत असतील. मला एवढेच दाखवायचे आहे की ‘शांतता जपण्यासाठी लोक कमी यावेत’ हा युक्तिवाद पर्यावरणाच्या काळजीतून जन्मला नाही. तो जुना आहे, आणि त्याची मालकी नेहमी ज्यांना आधीच आत जागा होती त्यांच्याकडे राहिली.

लॉखनगारच्या दक्षिणेला असलेल्या ग्लेन डॉलची कथा तर आपल्या वादाला थेट भिडते. ब्रेमारहून क्लोव्हाकडे जाणारी ‘जॉक्स रोड’ ही डोंगरवाट तिथल्या नव्या जमीनमालकाने बंद केली. वाटांच्या हक्कासाठी झगडणारी संस्था त्याच्याविरुद्ध न्यायालयात गेली, आणि खटला लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचून १८८८ मध्ये लोकांच्या बाजूने सुटला. मालक आणि संस्था दोघेही खर्चाने बुडाले, ते वेगळे. निकाल ठरला कशावर? कोणत्याही सनदेवर नाही, तर मेंढपाळ आणि गुरे हाकणारे यांच्या साक्षींवर. ते न्यायालयात उभे राहिले आणि म्हणाले की आम्ही या वाटेने वर्षानुवर्षे मेंढ्या नेल्या आहेत. म्हणजे वाटेचा कायदेशीर जीव तिच्या वापरात होता. ज्या वाटेचे नाव कुजबुजीतच राहिले असते आणि जिच्यावरून फक्त चार जाणकार गेले असते, ती वाट त्या दिवशी मेली असती.

इथे कोणी योग्य आक्षेप घेईल. आता साक्षी लागत नाहीत. २००३ चा जमीनसुधारणा कायदा आहे, आणि २००५ पासून स्कॉटलंडमध्ये जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही, मालक कोणीही असो, बहुतेक साऱ्या जमिनीवर चालण्याचा हक्क आहे. न वापरल्याने तो बुडत नाही. मग नाव लपवल्याने बिघडते काय? कायद्याच्या कागदावर काहीच बिघडत नाही. पण खासदार जेम्स ब्राइस यांनी डोंगर खुले करण्याचे पहिले विधेयक पार्लमेंटात मांडले १८८४ मध्ये, आणि कायदा झाला २००३ मध्ये. या एकशे एकोणीस वर्षांत मागणी जिवंत ठेवली ती डोंगर नावानिशी माहीत असणाऱ्या साध्या माणसांनी. दक्षिणेत, डर्बीशरमधल्या किंडर स्काउट या अशाच हेदरच्या, ग्राउसच्या पठारावर १९३२ च्या एप्रिलमध्ये गिरण्या-कारखान्यांतली शेकडो पोरे जाहीर करून चढली आणि पाच जणांनी तुरुंगवास भोगला. सत्तर वर्षांनी, २००२ मध्ये, ड्यूक ऑफ डेव्हनशर यांनी आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. त्या पोरांनी एखाद्या गुप्त जागी शांतपणे सहल केली असती, तर कोणाचेच काही गेले नसते आणि काही मिळालेही नसते. आजही प्रश्न संपलेले नाहीत. २०२४ च्या कायद्याने ग्राउसची शिकार परवान्याच्या चौकटीत आणली आणि हेदर जाळण्यासाठीही परवान्याची तरतूद केली. माळ जाळावा की नाही, हरणे किती असावीत, बर्च आणि पाइनला वाट द्यावी की नाही, हे सारे पुढची पंधरा-वीस वर्षे भांडून ठरायचे आहे. या भांडणात मत कोण देणार? ज्याला मॉर्वेनचे नावच माहीत नाही, त्याला मॉर्वेनवर काय जळते याची पर्वा असण्याचे कारण नाही.

गुप्ततेबद्दल आणखी एक गोष्ट बोलली जात नाही, कारण ती बोलायला अवघड आहे. गुपित सगळ्यांपासून सारखे लपत नाही. ज्याचे आजोबा या खोऱ्यात राहिले, जो गिर्यारोहण मंडळाचा सभासद आहे, ज्याच्याकडे गाडी आहे आणि नकाशा वाचायला शिकवणारा मित्र आहे, त्याला शांत डोंगराचे नाव कानात सांगितले जाते. ॲबर्डीनमध्ये नुकत्याच आलेल्या परिचारिकेला, डी खोऱ्यातली रेल्वे १९६६ मध्येच बंद झाल्याने बसवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला, किंवा आयुष्यात पहिल्यांदा बूट विकत घेणाऱ्या मराठी गृहस्थाला ते कोण सांगणार? त्यांना फक्त जाहीर यादी मिळते, आणि यादी त्यांना लॉखनगारवर पाठवते. मग लॉखनगारची वाट रुंदावते आणि जाणकार म्हणतात, पाहा, नवखे लोक डोंगर कसे नासवतात. हा आरोप मला अंगाला लागतो, कारण पहिली दोन वर्षे मीही फक्त यादीतलेच डोंगर चढलो. दुसरे असतात हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

संपादकांनी फोनवर कासचाच दाखला दिला. फुलांच्या बातम्या छापून आल्या आणि लोक तुडवत सुटले, हे खरे आहे. पण तिथे डांबरी रस्ता थेट फुलांपर्यंत जातो आणि साताऱ्याहून तासाभराच्या आत माणूस पठारावर उतरतो. शिवाय तिथल्या उपद्रवाला उत्तर म्हणून कोणी कासचे नाव पुसले नाही. हंगामात येणाऱ्यांची संख्या बांधून दिली, शुल्क लावले, वाटा आखल्या. त्या उपायांत खोट काढता येईल, पण ते निदान उघड आहेत आणि सर्वांना सारखे लागू आहेत. आपण नाव गाळतो तेव्हाही प्रवेश मर्यादितच करत असतो, फक्त कोणाला सोडायचे आणि कोणाला नाही हे कोणालाही न विचारता ठरवत असतो.

तेव्हा नाव सांगावे, आणि नावाबरोबर उरलेलेही सांगावे. डोंगराच्या एका छायाचित्राखाली नुसते नाव टाकणे हे मलाही पोरकट वाटते, आणि उपग्रहाने आखलेली तंतोतंत वाट वाटून देण्याला माझा विरोधच आहे, कारण पीटवर शंभर माणसे शंभर वाटांनी गेली तर खूण राहत नाही, पण एका रेषेवरून गेली तर घळ पडते. घरट्यांचे महिने कोणते, ऑगस्ट ते ऑक्टोबर शिकारीचे दिवस असल्याने आधी चौकशी का करावी, गाडी शेताच्या फाटकासमोर का लावू नये, ओल्या वाटेवर चिखल टाळण्यासाठी कडेने न जाता बूट का बुडवावेत, हे लिहायला दोन परिच्छेद पुरतात. ते वाचून काही जण कंटाळून जाणारच नाहीत, हाही एक फायदाच.

मी लेख परत पाठवला तो नावासकट. घरट्यांच्या महिन्यांबद्दलचा परिच्छेद वाढवला आणि पोटऱ्या ओरबाडल्या जातात म्हणून लांब विजार घालावी, अशी सूचनाही केली. संपादकांनी नाव ठेवले, विजारीची सूचना जागेअभावी काढली. अंक निघून आता दहा महिने झाले. मागच्या आठवड्यात मी पुन्हा मॉर्वेनवर गेलो, तेव्हा माथ्यावर एकच माणूस दगडांच्या आडोशाला बसून थर्मासमधून चहा ओतत होता. तो मराठी नव्हता.